हॉटेलच्या मालाचे वीस क्रेट

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तुझ्या दुकानातून निघाल्यापासून स्वतःची लाज वाटते आहे. फोन करायची छाती होत नाही, म्हणून पत्र.

क्रेटवरचं 'ऑन-ट्रेड' वाचून तू दोनदा विचारलं होतंस, हे काय म्हणून. कंपनीची भाषा आहे, डोकं शिणवू नकोस, असं म्हणून मी उडवून लावलं. आता खरं सांगतो. जिथे बसून प्यायचं ते हॉटेल, क्लब म्हणजे ऑन-ट्रेड. तो माझा विभाग. जिथून बाटली घरी न्यायची ते तुझ्यासारखं दुकान म्हणजे ऑफ-ट्रेड. आतलं सरबत एकच, पण हॉटेलचा माल दुकानात विकायला सक्त मनाई. महिनाअखेरीला माझा हॉटेलांचा आकडा भरेना, म्हणून वीस क्रेट हॉटेलात गेले असं दाखवून मी ते तुझ्या गळ्यात मारले.

काल माझ्याबरोबर आलेल्या कंपनीच्या तपासनीस साहेबांनी हे क्रेट कुठून आले असं विचारल्यावर तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि कुणा अनोळखी टेंपोवाल्याकडून घेतले म्हणालीस. मग त्यांनी मला विचारलं, या बाईंना ओळखता का. मी नाही म्हणालो. तू मला साहेब म्हणून पाण्याचा पेला पुढे केलास. ते पाणी अजून घशाखाली उतरलेलं नाही.

लोभ उरला असेल तर थोडा माझ्यासाठी राखून ठेव.

तुझा,
धाकटा

दि. ९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे.

कंपनीचा पुरवठा बंद झाला. फ्रिज रिकामा आहे, गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. टेंपोवाला दिसायला कसा होता, असं तुझे भावजी रोज विचारतात. मी त्याला मिशा लावल्यात.

ती थाप मी आपणहून मारली, त्याचा दोष तुला नाही. लहानपणी तू फोडलेला आरसा मी मांजराच्या नावावर घातलाच होता. पण तेव्हा तू माझ्या मागे लपला होतास. आता समोर उभा राहून ओळखत नाही म्हणालास, ते फार लागलं. लेकीनं तुला वरच्या खिडकीतून पाहिलं. मामा आला होता तर वर का नाही आला, असं विचारते. मामालाच विचार म्हणाले. ते उत्तर तूच येऊन दे.

आशीर्वाद आहेतच, ते कुठे जातात.

ताई

दि. १३ जून

ती. ताईस,
सा. न.

आज तपासनीस साहेबांना सगळं सांगितलं. हॉटेलांचा विभाग माझ्याकडून गेला, मला गोदामावर धाडलंय. तुझा माल सोमवारपासून सुरू होईल. भावजींना टेंपोवाला कोण ते सांगून टाक, मिशा तेवढ्या काढ.

साहेबांनी त्या दिवशीचा तपासणीचा कागद पुढे सरकवला. 'दुकानदाराशी नाते' या रकान्यात माझ्याच हाताची आडवी रेघ होती. ती खोडून 'सख्खी बहीण' लिहिलं. अक्षर आणखीच कोंबडीचं आलं.

रविवारी येतो. लेकीला मीच सांगेन. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो. दारात मला साहेब तेवढं म्हणू नकोस.

तुझा,
धाकटा