चंद्रिका थेटरच्या पेवात दिवा सोडू नये

श्री योगेश्वरी प्रसन्न.

मी, वच्छलाबाई जौजे राधाकिशन, उमर साठीच्या घरात, मुक्काम कसबे बीड, हा वसियतनामा सांगते आहे आणि आप्पाराव अर्जनवीस तो लिहून घेत आहेत. माझे होशहवास ठिकाणावर आहेत. पायांना सूज आहे, दम लागतो, हकीम मान हलवून निघून जातात. पण सूज पायांना आहे, डोक्याला नाही. मला कुणी दटावलेलं नाही की फूस लावलेली नाही. फक्त भीती आहे. आप्पाराव म्हणतात, भीती वसियतनाम्यात बसत नाही. बसवा म्हटलं, नाहीतर मी अंगठा उठवणार नाही.

कलम पहिलं. पेठेच्या टोकाला, नदीच्या अंगाला असलेलं चंद्रिका थेटर ही माझी एकटीची मिळकत आहे. माझ्या अंगावरचं सोनं मोडून यजमानांनी ते उभं केलं आणि दस्त माझ्या नावानं केला. नांदूरघाटच्या शेतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते भावकीच्या वाटणीत ओढू नये.

हे थेटर कसलं होतं ते आता बघून कळायचं नाही. कमानीवर दोन मोर होते, त्यातल्या एकाची मान गळून पडली. तिकिटाच्या खिडकीतून पिंपळ बाहेर आलाय. पत्र्याला खिळ्यांची भोकं आहेत, दुपारी त्यातून ऊन पडतं आणि फाटक्या पडद्यावर कवडसे सरकत राहतात. तिथं उभं राहिलं की खेळ चालू आहे असं वाटतं, आणि माझ्या अंगावर काटा येतो. तरी सांगते, बीडात तेवढी देखणी जागा दुसरी नव्हती.

आमचा पडदा मधोमध होता. पुढं पुरुष, मागं बायका. खेळाआधी पडद्यावर पाणी मारायचं, म्हणजे चित्र मागूनही दिसतं. ते पाणी मी मारायची. खेळ मुके, म्हणून मागच्या बायकांना काय चाललंय ते मीच ओरडून सांगायची. आमच्या बाजूनं सगळं उलटं दिसे, राजा डाव्या हातानं तलवार उपसायचा. पेठेतल्या कितीक बायका अजून समजतात की पूर्वीचे राजे सगळे डावखुरेच होते. मीही त्यांना कधी खरं सांगितलं नाही, मजा वाटायची.

मग एका खेळाला यंत्रात फीत अडकली आणि भडकली. यजमानांनी यंत्राच्या खोलीचं लोखंडी दार आतून लावून घेतलं, जाळ माणसांत जाऊ नये म्हणून. पुढं बसलेल्यांना वाटलं, चित्र तुटलं. ते शिट्ट्या मारत होते. माणसं सगळी वाचली. यजमान भाजून त्या आठवड्यात गेले. थेटरला कुलूप लागलं ते लागलंच, आणि पुढं बोलके खेळ आल्यावर मुक्याचं नाव कुणी काढलं नाही.

कलम दुसरं, आणि हे नीट वाचावं, मोठ्यानं वाचावं. थेटरच्या जागी पूर्वी धान्याची आडत होती, तिचं दाणे साठवायचं पेव अजून फरशीखाली आहे. थंडाव्याला राहाव्यात म्हणून यजमानांनी जुन्या खेळांच्या फितींचे डबे त्या पेवात उतरवले. ते तिथंच आहेत. यजमान सांगायचे, ही फीत जुनी झाली की आंबते, चिकट होते आणि जरा ठिणगी लागली की उठते. वाळूनं विझत नाही, पाण्यातही जळत राहते. आता फरशीच्या फटीतून आंबूस वास येतो. तो वास आला की मला यजमानांचे हात दिसतात.

पेव उघडलं की माणूस उतरण्याआधी दोरीनं जळता दिवा सोडायचा, ही आपल्याकडची रीत. दिवा विझला तर हवा खराब, राहिला तर खुशाल उतरा. चांगली रीत आहे, तिनं फार जीव वाचवलेत. त्याच रीतीनं इथं माणसं जळून मरतील, हीच माझी भीती.

शिरूर कासारकडची माणसं दसऱ्यानंतर नगरकडच्या ऊसमळ्यांवर जातात, बायकापोरांसकट. जाताना त्यांचा मुक्काम थेटरात असतो. मीच किल्ली देते. गेल्या साली दुपारची मी सहज बघायला गेले, तर त्यांच्यातल्या आसारामनं पेवाची फरशी बाजूला केलेली आणि हातात दोरीला बांधलेला दिवा. वात पेटलेली. कडेला पोरं वाकून बघत होती. मी किंचाळले, धावत जाऊन पदरानंच वात दाबली. हात पोळला. आसारामनं दिवा खाली ठेवला.

त्याची बायको छबुबाई मला म्हणाली, "माय, जवारी हाय तर हाय म्हणावं. आमी काय लुटून नेतो का? लपवतीस कावून?"

मी फितींचं सांगितलं. जितकं जास्त सांगितलं तितकी तिची खात्री झाली की खाली दाणेच आहेत. कारण माझे दीर अर्जुनराव गावभर तेच सांगत फिरतात. मला तोंडावर म्हणाले, "वहिनी, फिती कुटं भडकत्यात व्हय? दादाचं यंत्र बिघडलं हुतं. तुमी दाण्यापायी लोकांना भेव घालता." सख्ख्या भावाला आगीत गमावलेला माणूस असं बोलतो, याला काय म्हणावं! जळलं मेलं ते बोलणं.

मग मीच पेव रिकामं का केलं नाही? माझे पाय बघा. आणि मजूर लावावा तर तो आधी दिवा मागतो. दिवा नको म्हटलं की उतरत नाही. त्याचंही चुकत नाही. हातात दिवा नसताना पेवात कोण उतरेल?

कलम तिसरं. माझ्या मागं चंद्रिका थेटर, मोरांच्या कमानीसकट, छबुबाई जौजे आसाराम हिला द्यावं. तिच्या टोळीला जाता येता निवारा व्हावा. पण पेव रिकामं होईपर्यंत किल्ली मुंजाजीकडं राहील. मुंजाजी आमच्या दारावर उभा असायचा, फुकट्यांना कॉलर धरून बाहेर काढायचा. तो कुणाला भीत नाही. त्यानं दिवसाउजेडी पेव उघडावं, आठवडाभर उघडंच ठेवावं, पाल्याच्या फांदीनं हवा हलवावी, मग टोपलीत कोंबडी सोडून बघावी. कोंबडी तडफडली नाही तर उतरावं. विडी नाही, कंदील नाही, चकमक नाही. डबे ओल्या पोत्यांत घालून नदीच्या वाळूत लांब न्यावेत आणि तिथं जाळून टाकावेत. कोंबडी मुंजाजीनं खाल्ली तरी माझी हरकत नाही.

कलम चौथं. माझी लुगडी छबुबाईला. पडद्यावर पाणी मारायची पितळी पिचकारी तिच्या पोरांना, होळीला. यजमानांची कोळसलेली टोपी माझ्याबरोबर सरणावर ठेवावी.

कलम पाचवं. अर्जुनरावांना मी काही देत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असा रिवाज आहे म्हणे, आणि ते साक्षीला आले आहेत. मला आयतंच निमित्त मिळालं.

शेवटचं. ट्रंकेत एक फीत होती, हातभर. थेटर सुरू झालं तेव्हा यजमानांनी पुण्याहून माणूस बोलावून दाराशी जमलेल्या गर्दीचं चित्र काढवलं होतं, त्यातला हा तुकडा. त्यात माझी लेक सत्यभामा आहे, घरात तिला सती म्हणायचे. पुढचा दात पडलेला, कुणाकडं तरी बोट दाखवून हसतेय. पुढच्याच पटकीच्या साथीत ती गेली. तिची दुसरी तसबीर नाही. रोज उन्हाकडं धरून मी तिला बघायची.

वरची पाच कलमं लिहून झाल्यावर अर्जुनराव हसले. म्हणाले, "कागदानं काय हुतंय वहिनी? तुमी गेल्यावर पेव म्या उघडणार, आन् रीतीनं उघडणार." दसरा तोंडावर आलाय आणि मी दसरा बघेन असं हकिमांना वाटत नाही. मग मी ट्रंक उघडायला लावली. मुंजाजीला घंगाळात पाणी आणायला सांगितलं, चिमट्यात फीत धरली आणि चुलीतला निखारा लावला.

सूं करून उठली. मी ती पाण्यात बुडवली, तरी पाण्याखाली जळत राहिली, पिवळा धूर ओकत. अर्जुनराव मागं सरकत भिंतीला टेकले. राखेकडं बघत त्यांनी विचारलं, "वहिनी, आपली सती हुती का त्यात?"

होती म्हटलं.

 मग आप्पारावांच्या हातून बोरू घेऊन खालच्या आपल्या साक्षीच्या ओळी त्यांनी स्वतः लिहिल्या. ट्रंकेतल्या फितीचं वाटप करायचं आता राहिलं नाही.

निशाणी अंगठा: वच्छलाबाई जौजे राधाकिशन

साक्ष: अर्जुनराव, राहणार नांदूरघाट. फीत पाण्यात जळताना म्या डोळ्यांनी पाहिली. पेवात दिवा सोडणार न्हाई, कुणाला सोडू देणार न्हाई.

साक्ष: मुंजाजी, राहणार बीड. पाहिलं.

लिहिणार: आप्पाराव अर्जनवीस. मीही पाहिलं.

मुक्काम कसबे बीड, भाद्रपद वद्य पंचमी, सन १३४६ फसली.