सांबारवडीचा नाताळ

९ डिसेंबर

ठरलं! नाताळचं जेवण याच घरात होणार आणि मीच करणार. सलोमीला, म्हणजे माझ्या सुनेला, दवाखान्यातून रजा नाही. लग्नानंतरचा पहिला नाताळ, आणि माहेरी जाता येत नाही. म्हणून तिची आई नगरहून मारेगावला येतेय. हीच बाई लग्नाच्या मांडवात म्हणाली होती, "माझ्या पोरीला आता सणालाही पालाच!" मी ऐकलं होतं. विसरलेले नाही.

आम्ही महानुभाव. घरात अंडंसुद्धा येत नाही, येणारही नाही. पण पाला? बघूच!

१३ डिसेंबर

पहिला केक. कुकरमध्ये, अंड्याऐवजी दही घालून. वर कच्चा, खाली कोळसा. इंद्रजित म्हणे, "आई, हा केक हाय का गोवरी?" चिरंजिवांना स्वतःचा चहा करता येत नाही, ते सोडा.

१७ डिसेंबर

पाटवडी रस्सा! बेसनाच्या वड्या, खसखस-खोबरं भाजून वाटलेला काळा मसाला, वर बोटभर तर्री. यात माझा हात धरणारं गल्लीत कोणी नाही. पण मटणाच्या तोडीचा झाला का, हे मला कसं कळणार? जन्मात चाखलेलं नाही! शेवटी वाटी घेऊन शेजारच्या जैनब-बीकडे गेले; तिच्या घरी मटण नेहमीचंच. तिने दोन घोट घेतले, नाक पुसलं, म्हणाली — "इंदुताई, हड्डी तेवढी कमी हाय!"

दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

२१ डिसेंबर

दुसरा केक फुगला. मीही.

विहीणबाईंचा फोन आला. बेत काय म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "पाटवडी, रोडगे, सांबारवडी, केक." त्या म्हणाल्या, "सांबार करताय? मग मीही काहीतरी घेऊन येते." आणा म्हटलं.

२४ डिसेंबर

विहीणबाई आल्या. पिशवीतून काय निघावं? इडलीपात्र! आणि डबाभर पीठ, प्रवासात फुगून अर्धं पिशवीत सांडलेलं. "तुम्हीच सांबार म्हणालात ना!"

मी कोथिंबिरीची जुडी त्यांच्या हातात ठेवली. "हा घ्या आमचा सांबार!"

सलोमी हसता हसता ओट्याला टेकली. या घरात आल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. विहीणबाई आधी ओशाळल्या, मग त्याही हसत सुटल्या. पिशवी मी धुवून वाळत घातली.

२५ डिसेंबर

सकाळी मायलेकी चर्चला जाऊन आल्या. सलोमीची ड्यूटी चारला, म्हणून एक वाजताच पानं घेतली. जेवणाआधी त्यांनी प्रार्थना म्हटली. मीही हात जोडून उभी राहिले — शब्द त्यांचे, आमेन माझंपण.

विहीणबाईंनी रस्सा तीनदा घेतला. तीनदा! मी मोजलं. राहिलेल्या पिठाच्या इडल्या केल्या होत्या, त्याही रश्श्यातच बुडवून खाल्ल्या. म्हणाल्या, "यात मटण नाही, शपथेवर सांगा!" सांगितलं. पाल्याची आठवण करून द्यावी असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. सलोमीने माझ्याकडे बघून डोळा मारला. मांडवातलं ते बोलणं मी ऐकलंय, हे तिला माहीत होतं तर!

एवढा अभिमान मला शाळेत पहिली आले तेव्हाही वाटला नव्हता.

२६ डिसेंबर

विहीणबाई गेल्या. इडलीपात्र ओट्यावरच राहिलं, म्हणून ते घेऊन स्टँडवर धावले. घेईनात. खिडकीतून म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याकडे. एकटीसाठी सोळा इडल्या कोण करतं? सलोमी गेल्यापासून घरात मटणसुद्धा शिजलं नाही. सणालाही नाही."

एसटी निघून गेली. मी इडलीपात्र धरून तशीच उभी. लाज वाटली. पाला त्यांच्याच ताटात होता, आणि मी पंधरा दिवस त्यांना हरवायला मसाला वाटत होते. घरी येऊन उरलेला केक खाल्ला नाही.

२७ डिसेंबर

विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, "पुढच्या नाताळले आमीच येतो नगरले. तुमी मटण शिजवा, पातेलंभर. मी बसतो आंगनात, माही पाटवडी घेऊन."