कापडाखालची बोटं

सर, उद्या माझी परीक्षा आहे. या वयात कसली परीक्षा, असं तुम्ही विचारलं असतं, म्हणून आधीच सांगते. ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळण्याची परीक्षा. नवीन माणूस आला की त्याचं मशीन तयार करून द्यायचं, माणूस गेला की त्याचं सगळं पुसून ते पुढच्यासाठी कोरं करायचं, कुणाचा पासवर्ड अडकला, कुणाचा प्रिंटर रुसला ते बघायचं. तळेगावच्या कंपनीत हेच काम मी कितीतरी वर्षं करते आहे. आता कंपनीने ते बाहेरच्या एजन्सीकडे सोपवलं, आणि एजन्सीचा नियम असा की ज्याच्याकडे सर्टिफिकेट नाही त्याला पुढच्या महिन्यापासून काम नाही. एकदा बसले, नापास झाले. उद्या दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बसू देणार नाहीत, हे एजन्सीच्या तरुण साहेबाने फार नम्रपणे सांगितलं. आमच्या यांचा कारखाना बंद पडल्यापासून घर माझ्याच पगारावर चालतं. तेव्हा उद्याचं काय ते तुमच्या लक्षात येईल.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की बाजारात तुमची टायपिंग इन्स्टिट्यूट कुठे होती हे सांगायलाही आता फारसं कुणी उरलेलं नाही. खालचं किराणा दुकान गेलं, तिथे आता चिक्कीचं मोठं दुकान आहे, आणि वरच्या तुमच्या खोलीत त्यांची रिकामी खोकी ठेवतात. मी कधी कधी मान वर करून बघते. खिडकी तीच आहे. आत मला मशीनांच्या दोन रांगा दिसतात, फळ्यावर तुमच्या ठसठशीत अक्षरात ए एस डी एफ लिहिलेलं आहे, आणि आम्ही सगळ्या पोरी कागद चढवून बसलो आहोत. मी वडिवळ्याहून कामशेतपर्यंत चालत, मग गाडीने आलेली, पायाला शेतातली माती तशीच. तुम्ही येता, आणि तुमच्या घरी चाचींनी शिवलेलं ते काळं कापड माझ्या मशीनवर बांधता. त्याला दोन्ही बाजूंनी इलॅस्टिक, हात आत घालायचे आणि आंधळ्यासारखं टाइप करायचं. आम्ही त्याला झबलं म्हणायचो. तुम्हाला ते माहीत होतं. एखादी पोर रडकुंडीला आली की तुम्हीच म्हणायचात, हिला झबलं घाला रे, अजून लहान आहे.

एकदा मी कापड हळूच वर करून बघितलं. तुम्ही मागेच उभे होतात. ओरडला नाहीत, फक्त कागद मशीनमधून ओढून काढलात आणि म्हणालात, "कागदाकडे बघ. बोटं कुठे पळून जात नाहीत." मग सगळं पान पहिल्यापासून. तुमच्याकडे खोडायचं नसायचं. चुकलं की नवा कागद. मला वाटतं ती सवय माझ्या अंगात एवढी मुरली की आजही कीबोर्डकडे बघायचं म्हटलं की मानेच्या मागे तुम्ही उभे आहात असं होतं. घरी आईला सांगितलं तर ती चुलीपुढून म्हणाली, "मास्तर म्हनतील तसं कर. बोटांनी प्वाट भरतं का न्हाई, ते मग बघू." भरलं, सर. आजवर भरलं.

त्या इंग्रजी मशीनवर एकचा आकडा नव्हताच. दोनपासून सुरुवात. पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. एक लिहायचा असेल तर छोटा एल मारायचा, दिसायला सारखाच, बनवणाऱ्याने एक बटण वाचवलं, म्हणालात. आम्ही कधी त्यावर विचारही केला नाही. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आपोआप तिथे जायचं. सरकारी परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही मला मशीनचे अक्षरांचे खिळे साफ करायचा तो लाकडी दांड्याचा ब्रश दिलात. तो अजून माझ्या ऑफिसच्या खणात आहे. लोक कीबोर्डवर बसून फरसाण खातात, सर. तो ब्रश नसता तर मी काय केलं असतं कोण जाणे.

मग कॉम्प्युटर आले. मी तेव्हा कंपनीत टायपिस्टची डेटा एंट्रीवाली झाले होते, आणि हळूहळू डेटा एंट्रीची कॉम्प्युटरवाली. इकडे तुमच्या रांगा रिकाम्या होत चालल्या. इन्स्टिट्यूट चालू ठेवायची तर तिथे कॉम्प्युटर हवेत, आणि शिकवणाऱ्याने स्वतः कॉम्प्युटरची परीक्षा पास केलेली हवी, असं वरून आलं. तुम्ही मशीनं भंगारवाल्याला दिलीत, एक ठेवून. आणि एका रविवारी माझ्या घरी आलात, चहा घेतलात, इकडचं तिकडचं बोललात, आणि उठता उठता म्हणालात, बेटा, मला जरा शिकवशील का. मला तेव्हा कुठे बघावं कळेना.

ते रविवार मला नीट आठवतात. तुमच्या घरातला तो जुना, कुणाकडून तरी घेतलेला कॉम्प्युटर, त्यावर चाचींनी घातलेला क्रोशाचा रुमाल. तुम्ही पाठ ताठ करून बसता, कागद डावीकडे लावता आणि टाइप करायला लागता. वेग असा की मी बघतच राहायची. पण ओळ संपली की तुमचा डावा हात वर उठतो आणि हवेत उजवीकडे सरकतो, ओळ बदलायचा नसलेला दांडा ढकलायला. दर ओळीला. चाची स्वयंपाकघरातून विचारतात, "काय हो, माश्या मारताय का?" आणि तुम्ही मान न वळवता म्हणता, "एकच आहे. चाळीस वर्षं झाली, मरत नाही." आम्ही तिघं हसायचो. माउस तुम्हाला जमायला वेळ लागला, पण जमला. फाइल कुठे ठेवायची, कशी शोधायची, सगळं जमलं. मला खात्री होती की तुम्ही पास होणार. त्या कॉम्प्युटरला आपण पासवर्ड लावला नव्हता. इथे चोरायला आहे काय, असं तुम्ही म्हणाला होतात.

परीक्षेच्या दिवशी तुम्ही पांढरा शर्ट घातलात. मी सुट्टी काढून बरोबर आले होते. दाराशी सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली, नाव आणि पासवर्ड छापलेली. तुम्ही मला दाखवलीत, मी म्हटलं सोपा आहे सर, पाठ करायचीही गरज नाही. तुम्ही आत गेलात. आणि सगळ्यांच्या आधी, फार आधी, बाहेर आलात. आतल्या मुलाने मला सांगितलं की तुमच्या सरांना लॉगिनच जमत नाही, परत परत चुकीचं मारलं, शेवटी लॉक झालं, आता पुढच्या वेळी. समोर चिठ्ठी असून बघून मारता येत नाही, असं म्हणाला. तुम्ही ते ऐकलंत.  गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बेटा, मी बरोबर मारलं होतं. मशीन म्हणतंय ओळखत नाही." मी म्हटलं होतं, जाऊ द्या, पुढच्या वेळी. तुमची पुढची वेळ आलीच नाही. तुम्ही फॉर्मच भरला नाही. इन्स्टिट्यूटची पाटी उतरवलीत, आणि मेहुण्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागलात. मी यायची तेव्हा दुकानात गर्दी असली तरी स्टूल पुढे करायचात. कॉम्प्युटरचा विषय मात्र तुम्ही परत काढला नाही, मीही नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण मागच्या आठवड्यातलं आहे. पहिल्यांदा नापास झाल्यापासून मी रोज सराव करते. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, घरी भाकऱ्या झाल्यावर. पुस्तक सगळं इंग्रजीत, आणि प्रश्न म्हणजे गोष्टीच. एका कंपनीत इतके कॉम्प्युटर आहेत, इतक्या शाखा आहेत, व्यवस्थापकाला असं हवं आहे, तुम्ही सर्वांत आधी काय कराल. चार उत्तरं, चारही मला बरोबर वाटतात. पुस्तकातलं अर्धं आमच्या कंपनीत नाहीच, सगळं दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरवरून चालवायचं, मी ते डोळ्यांनी बघितलेलं नाही. सराव परीक्षेत माझे गुण वाढायच्या ऐवजी कमी होत चाललेत. काल जे येत होतं ते आज येत नाही. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणते, आई, सोड ना, दुसरं काहीतरी कर. दुसरं काय, हे तीही सांगत नाही. एजन्सीचा साहेब येता जाता म्हणतो, ताई, टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल. त्याच्या टेबलावर माझ्या जागी येणाऱ्या मुलाचे कागद आहेत. मला दिसले. त्याने ते लपवलेही नाहीत, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नसावं.

तर धडा होता खातं लॉक होण्याचा. माणूस सांगतो की पासवर्ड बरोबर आहे, आणि मशीन घेत नाही, तर काय काय तपासाल. मी सरावाच्या मशीनवर एक खोटं खातं बनवलं, पुस्तकात होता तसाच पासवर्ड ठेवला, शेवटी एकचा आकडा. आणि आत जायला लागले तर जाता येईना. परत मारला. परत नाही. मी दमले होते, मन दुसरीकडे होतं, पण पासवर्ड समोर कागदावर होता आणि मी कागदाकडेच बघत होते. शेवटी खातं लॉक झालं. मग मी खाली बघितलं, तर माझं बोट एल वर होतं.

सर, तुमचा परीक्षेचा दिवस आठवला. तुमच्या चिठ्ठीवरच्या पासवर्डच्या शेवटीही एक होता. मला तो दिसला होता, मीच सोपा म्हटलं होतं. रविवारी तुम्ही पत्रांमध्ये एकच्या जागी एल मारत असणार, आणि पडद्यावर ते सारखंच दिसतं, म्हणून ना तुम्हाला कळलं ना मला. आणि परीक्षेत तर पडद्यावर नुसते ठिपके. काय मारलं ते दिसायची सोयच नाही. खाली बघितलं असतं तर दिसलं असतं, पण तुम्ही खाली बघणार नव्हतात. जन्मभर सगळ्यांना जे शिकवलं तेच तुम्ही केलंत. कागदाकडे बघितलंत.

हे कळून काही उपयोग नाही. चाचीही गेल्या. तुमचा मुलगा कुठे असतो मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी त्याला काय सांगू, तुझ्या वडिलांचं एक बोट एका बटणावर चुकलं म्हणून. तुम्ही दुकानात बसून, आपलं डोकं आता चालत नाही असं समजून गेलात. एवढ्याने गेलात. मला वाटलं होतं की एखादी गोष्ट उशिरा का होईना कळली की मन हलकं होतं. तसं झालं नाही. उलट मला असं वाटायला लागलं आहे की माणसाला बाहेर काढायला एवढंच पुरतं. तुमचं एक बटण होतं, माझी कुठली तरी चार उत्तरं असतील. एजन्सीची ती मुलं वाईट नाहीत. तुमच्या परीक्षेतला तो मुलगाही वाईट नव्हता. त्याला एकचा आकडा नसलेलं मशीन माहीतच नव्हतं.

आज रविवार आहे. बाहेर गाड्यांची रांग कधीची तशीच उभी आहे, हॉर्न चालू आहेत. यांनी मला त्रास नको म्हणून स्वतःच चहा केला आणि ठेवून गेले. हे मी सरावाच्या मशीनवरच टाइप करते आहे. मराठी मी अजून तुमच्या टाइपरायटरच्याच मांडणीने मारते, आमच्याकडे दुसऱ्या कुणाला ती बटणं सापडत नाहीत. थोड्या वेळाने शेवटचा सराव करायचा आहे, मशीन पूर्ण पुसून नव्याने उभं करायचा. पुसण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे ठेवून घ्यायचं असतं, ते पहिल्याच धड्यात आहे. हे पत्र मी ठेवणार नाही. ठेवून कुणाला देऊ.

उद्या सकाळची गाडी आहे. मी पास होईन असं मला वाटत नाही, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. पांढरी साडी नाही माझ्याकडे, पण इस्त्रीची एक काढून ठेवली आहे. चिठ्ठी देतील, त्यावर पासवर्ड असेल. रागावू नका, सर. तो मारताना मी बोटांकडे बघणार आहे.