केसांतला सुरंगीचा वास

चैत्र शुद्ध दशमी, रात्र

आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू. मी विधवा, म्हणून आतच होते. पन्ह्याची कळशी दारापर्यंत नेली, तर सासूबाईंनी बायकांसमोर विचारलं, "सुरंगी माळलंस काय गो?"

"नाय, भट्टीचो वास तो."

सगळ्या माझ्या अंबाड्याकडे बघत राहिल्या. मी कळशी ठेवली, अंबाडा सोडला, केस मोकळे करून दाखवले. फूल नव्हतं. मग कुणीतरी पन्ह्याचं कौतुक केलं.

हे गेल्यापासून सुरंगीच्या तेलाची भट्टी मीच सांभाळते. रानातल्या झाडांच्या कळ्या सकाळी येतात, त्या शिजेपर्यंत वाफ माझ्याच अंगावर. सासूबाईंना ठाऊक नाही का? मग विचारलं कशाला? मला लाज वाटायला हवी होती, निदान राग यायला. काहीच नाही.

संध्याकाळी शिकेकाईनं केस धुतले. पुन्हा धुतले. नणंद जवळ येऊन हळूच म्हणाली, "वैनी, वास अजून येता."

हे माझ्या केसांत माळायला सुरंगीचा वळेसर आणायचे, तेव्हा ते फाटकात असतानाच मला चुलीपाशी कळायचं. आता माझ्याच केसांचा वास घरभर येतो म्हणतात. मी वेणी नाकाशी धरून पाहिली. मला वास आलाच नाही, नुसते ओले केस नाकाला लागले.