कुंडलिकेला भरती नसते

रत्नागिरी,
१८ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू ‘बरी आहे गं’ म्हणून ठेवून देतेस आणि माझं पुढचं सगळं तोंडातच राहतं.

आधी गंमत ऐक. आमच्या आळीतल्या आम्ही सात बायका कोलाडला राफ्टिंगला निघालोय. रबरी होडीत बसायचं, हातात वल्हं घ्यायचं आणि कुंडलिका नदीच्या खळखळाटातून आदळत-आपटत खाली यायचं. एक माझी सून मृणाली सोडली, तर सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या! खूळ तिचंच. तिने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि शेजारच्या मासेवाल्या गंगुबाईंनी जाहीर केलं, साडी सोडून पँट घालावी लागली तरी बेहत्तर, पण जायचंच.

दिवस ठरवायला बसलो, तर गंगुबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. म्हणाल्या, अष्टमी धरा. अष्टमीला भरतीला जोर नसतो, होडी उलटायची नाही. सगळ्यांना पटलं. मीही मान डोलावली! मृणालीने राफ्टिंगवाल्याला फोन लावला, तो गंगुबाईंनी हिसकावला, “भरती कदी लागते तां सांग आदी!” तो बिचारा म्हणाला, मावशी, ही डोंगरातली नदी, इथे कसली भरती? धरणातून सकाळी पाणी सोडतात, त्याच्यावर आमची होडी.

हसून हसून पोट दुखलं, पण मला लाजही वाटली. आपण अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या कॉलनीत वाढलो. वीजघरातून पाणी सुटलं की भर उन्हाळ्यात नदी चढते, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ. तीस वर्षं समुद्राकाठी राहून मी तेही विसरले. तू असतीस तर तिथेच टपली मारली असतीस. पोहायलाही तूच शिकवलंस मला. कमरेला दोन सुके नारळ बांधून ढकललंस, आणि मी बुडाले नाही म्हणून माझ्यापेक्षा तूच जास्त नाचलीस.

आता खरं बोलते. मार्चमध्ये तुझा धाकूदादा एसटी स्टँडवर भेटला. चिमाच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता केमो सुरू आहे म्हणाला. मी तिथल्या बाकावर बसूनच घेतलं. पण तुझ्याकडे आले नाही. तीन तासांची वाट, तरी आले नाही. मनात एकच किडा, हिने मला स्वतः का नाही सांगितलं? लग्नाच्या आमंत्रणासारखी वाट बघत बसले. आजारपणात मेला कसला मानपान! तू तिकडे उलट्या काढत होतीस आणि मी इकडे रुसले होते. माझं चुकलं, चिमे. फार चुकलं.

होडीत आठ जणी बसतात. आठवं नाव मी तुझं दिलंय, आणि दिवस अजून ठरवलेला नाही. धाकूदादा सांगतो, उपचार संपले, रिपोर्टही चांगला आला, पण केस वाढेपर्यंत तू दाराबाहेर पडणार नाहीस. अगं, तिथे सगळ्यांच्याच डोक्यावर हेल्मेट असतं! डॉक्टरांना विचार. ते म्हणतील तो महिना; जानेवारी नाही तर मे, आम्ही थांबतो. नाहीच म्हणाले तर काठावर बसून आम्हाला शिव्या घाल. आणि ‘येऊ नकोस’ असं कळवलंस, तरी या रविवारी सकाळच्या चिपळूण गाडीने मी तुझ्याकडे येतेय. बोलावण्याची वाट आता बघणार नाही.

तुझीच, उशिरा का होईना,
शालन