दहा मिनिटांचा गृहपाठ

प्रिय मौनीबाबा,

पत्र बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, घर जागेवर आहे आणि मीही जागेवर, म्हणजे माझ्या पार्लरमध्येच आहे. आज सोमवार, सुट्टी. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून आरशासमोरच्या फळीवर कागद ठेवलाय आणि लिहितेय. मान वर केली की माझंच तोंड दिसतं, आणि तेही चक्क मिटलेलं! काल रविवार असून फोन का नाही केला, म्हणशील. अरे, त्याआधी दोन महिने दर रविवारी केलाच ना. मी अर्धा तास बोलते, तू हो, बरंय, बघू एवढे तीन शब्द माझ्या ओंजळीत टाकतोस, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की तू कसा आहेस ते विचारायचंच राहिलं. किंवा विचारलं, पण उत्तराला जागा ठेवली नाही. तुझं काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळतं. काय बिनसलंय ते तू सांगत नाहीस, आणि का सांगत नाहीस ते मला गेल्या गुरुवारी उमगलं. त्याच दिवशी सूनबाईचाही फोन आला होता, पण ते शेवटी सांगते. आधी चष्मेवाल्या बाई.

आठवतात ना? तुमच्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढे काय शिकायचं त्याचं मार्गदर्शन करायच्या त्या. गुरुवारी दुपारी काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि फक्त बोटाच्या पेराएवढे कापा म्हणाल्या. मी ओळखलं नाही. केस पांढरेशुभ्र, अंगावर मांस म्हणून नाही. मग त्यांनी चष्मा काढून फळीवर ठेवला आणि डोळे बारीक करून आरशात पाहिलं, आणि मी कंगवा हातात धरून जागच्या जागी उभीच राहिले. तश्शाच बघायच्या त्या, पालकांच्या सभेत, आमच्या सगळ्यांकडे. आणि मला एकदम ते पाकीट आठवलं.

वर्ष संपत आलं होतं. तू दप्तरातून ते जाडजूड पाकीट काढलंस तेव्हा त्याचा पार लगदा झाला होता, आणि एका कोपऱ्यावर शाई सांडली होती. आत कागदच कागद! कोणते विषय घेतले तर कुठे जाता येतं त्याची यादी, प्रवेशाचे अर्ज, परीक्षांच्या तारखा, पालकांना भेटायला बोलावल्याची चिठ्ठी. प्रत्येकावर लाल अक्षरात शेवटची तारीख. घरात ठेवले असते तर हरवले असते, म्हणून मी ते सगळे केसांच्या चिमट्यांनी ह्याच आरशाभोवती लावून टाकले. पंधरा दिवस आपलं पार्लर म्हणजे शाळेचं ऑफिस झालं होतं. ओल्या केसांच्या बायका मान वाकडी करून तुझे अर्ज वाचायच्या आणि आपापलं मत देऊन जायच्या. बँकेतल्या बाईंना तू बँकेत हवा होतास, दाताच्या डॉक्टरीणबाईंना दातात. मी सगळ्यांना हो म्हणायचे. तू कोपऱ्यातल्या स्टुलावर चिमटे रंगांप्रमाणे वेगळे करत बसलेला असायचास आणि तुला कोणीच काही विचारत नव्हतं. हे मला तेव्हा दिसलं नाही, बरं का. आता दिसतं.

त्या पाकिटात एक पांढरा कागद होता. वर लिहिलं होतं, पालकांसाठी गृहपाठ. मुलासमोर बसा. दहा मिनिटं एक शब्दही बोलू नका. विचारू नका, सुचवू नका, मानही हलवू नका. मूल जे सांगेल ते खालच्या तीन ओळींत, त्याच्याच शब्दांत लिहा. आई आणि वडील, दोघांनी वेगवेगळं. त्या एवढ्या एकाच कागदावर शेवटची तारीख नव्हती. मी पोट धरून हसले होते. चाळिशीला आलेल्या बाईला गृहपाठ, आणि तोही गप्प बसायचा! ह्यापेक्षा गणितं दिली असती तर सोडवली असती.

तुझे बाबा आधी बसले. त्यांना काय अवघड? दिवसभर लोकांच्या दारात जायचं, पाण्याचा मीटर बघायचा, आकडा टिपायचा आणि पुढच्या दाराला लागायचं, अशी नोकरी त्यांची. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात दार लोटून बसलात. मी बाहेर कान देऊन उभी. आवाज म्हणून नाही. दहा मिनिटांनी दोघं अगदी प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आलात, आणि बाबांनी कागदावर काय लिहिलं, तर छान झालं. बस्स! मी अशी भडकले. काय छान झालं, कोण काय बोललं? तर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात. त्या हसण्याचा मला किती राग आला होता, आणि बाबा गेल्यापासूनच्या ह्या पाच वर्षांत ते हसणं किती वेळा आठवून बसले आहे, ते तुला सांगून कळायचं नाही.

मग माझी पाळी. रविवारची दुपार होती, शेवटचं गिऱ्हाईक गेलं होतं. तू ह्याच खुर्चीत बसलास, मी तुझ्या स्टुलावर, आणि मध्ये टिकटिक्या. तूच ठेवलेलं नाव. केसांना रंग लावला की वेळ लावायचं ते गोल पांढरं घड्याळ, पिळलं की टिकटिक करत सुटायचं, आणि वेळ संपली की अशी घंटी वाजायची की ड्रायरखाली डुलक्या घेणाऱ्या बायका दचकून उठायच्या. दहावर पिळलं आणि मी ओठ दाबून बसले. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला मला तुझ्या शर्टचं तुटलेलं बटण दिसलं. हात पुढे गेला, मागे घेतला. चौथ्या मिनिटाला मी दोन्ही हातांवर बसले. तू एकदा घड्याळाकडे बघ, एकदा माझ्याकडे, एकदा जमिनीवर पडलेल्या केसांकडे. गुडघा चोळत होतास. आणि अगदी शेवटी तू श्वास घेतलास. लहानपणापासूनची तुझी सवय, काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी खांदे वर जातात. खांदे वर गेले, आई, मला, एवढं तू म्हणालास, आणि घंटी वाजली.

खरं तर तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते कुणीही सांगेल. मी काय केलं? सुटले एकदाची म्हणून टाळी वाजवली आणि दहा मिनिटं तुंबलेलं सगळं तुझ्या अंगावर ओतलं. बटण, वाढलेले केस, मावशीचं पत्र, अर्जाला लावायचा फोटो, सगळं! तू हसलास. खांदे हळूच खाली आले. टिकटिक्या उचललास, त्याच्या फळीवर नीट ठेवलास आणि केर काढायला झाडू घेतलास. मला ते खाली आलेले खांदे दिसले होते रे. दिसलेच नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटलं, बोलेल नंतर, पळून का जातोय?

आणि त्या तीन ओळी? त्या मीच लिहिल्या. विजेच्या यंत्रांची त्याला फार आवड आहे. त्याला इंजिनियर व्हायचं आहे. आमचा पूर्ण पाठिंबा आहे. वळणदार अक्षरात लिहिलं. आपण खोटं लिहितोय असं मनात आलंसुद्धा नाही. कारण काय, तर तो ड्रायर. बारा वर्षांचा असताना तू तो मोठा भोंगाड्या ड्रायर स्क्रू-ड्रायव्हरने उघडलास आणि त्याचा घरघराट बंद करून दाखवलास. त्या दिवशी पार्लरमध्ये जेवढ्या बायका होत्या तेवढ्यांनी एका सुरात जाहीर केलं की हा इंजिनियर होणार, आणि मी त्यांची री ओढली. तू नाही असं कधीच म्हणाला नाहीस. शिकलास, पास झालास, दूरच्या शहरात मोठ्या कंपनीत लागलास. माझ्या हाताखालून जे जे डोकं गेलं त्याला मी ही गोष्ट ऐकवली. मला तुझा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो, ते तेवढं पक्कं लक्षात ठेव.

गुरुवारी बाईंनाही मी तीच टेप लावली. माझा मुलगा असा, माझा मुलगा तसा, तुमच्या मार्गदर्शनामुळेच सगळं झालं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, त्या दहा मिनिटांत तो काय म्हणाला होता? पस्तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाने बोलायला सांगितलं आणि मला बोलता येईना. शेवटी सांगितलं. घंटी, टाळी, तीन ओळी, सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अर्धेअधिक कागद तसेच यायचे. सतरा वर्षांचं पोर पूर्ण पाठिंबा वगैरे बोलत नाही, मला वाचताक्षणी कळायचं. म्हणून तर त्या कागदावर मी मुद्दाम शेवटची तारीख घालत नव्हते. मग चष्मा लावला, आरशात पाहिलं, आणि डाव्या बाजूचे केस जास्त कापले गेलेत म्हणाल्या. गेलेच होते.

त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ त्या जुन्या ड्रायरकडे बघत बसले. आणि बघता बघता मला पुढचं आठवलं, जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं कारण त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. घरघर थांबली तेव्हा तू यंत्राकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाहीस. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवलास, स्टुलावर जाऊन बसलास, हनुवटी गुडघ्यावर टेकवलीस आणि त्या बँकेतल्या बाई आपल्या बहिणीची जी हकीकत सांगत होत्या ती ऐकू लागलास. आवाजामुळे तुला ती ऐकू येत नव्हती, म्हणून तू ड्रायर दुरुस्त केला होतास! तुला यंत्र नकोच होतं, तुला माणसं... पण बघ, लागले पुन्हा तुझ्या तोंडात माझे शब्द घालायला. खोड जात नाही. राहू दे. ते तुझं तू सांग.

आता सूनबाईचं. तिच्यावर चिडू नकोस, ती फार धीर करून बोलली. म्हणाली, त्यांनी नोकरी सोडली त्याला दोन महिने झाले. रोज सकाळी उठून दुसरीकडे कुठेतरी जातात आणि आनंदात परत येतात. कुठे जातात ते मला माहीत आहे, पण ते त्यांनीच तुम्हाला सांगायला हवं. सांगायचंय त्यांना, दर रविवारी ठरवतात, पण तुम्हाला मध्ये कुठे थांबवायचं तेच त्यांना कळत नाही. तिचं ऐकून मला आधी झोंबलं. मग टॉवेलच्या कपाटामागे उभी राहून रडले. पण एक गोष्ट तिला विचारून खात्री करून घे, कुठे जातो असं मी तिला विचारलं नाही. मी! विचारलं नाही! दुसऱ्या दिवशी टिकटिक्या घेऊन कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे गेले आणि त्यातली घंटी काढून द्या म्हटलं. तो म्हणाला, अहो, मग वेळ संपली ते कळणार कसं? मी म्हटलं, नाही कळलं तरी चालेल. आता ते नुसतं टिकटिकतं, शून्यावर येतं आणि गुपचूप थांबतं. येत्या रविवारी सकाळी दहाला मी फोन लावीन, टिकटिक्या समोर ठेवीन आणि तोंडातून अवाक्षर काढणार नाही. तू तिथूनच सुरू कर, जिथे थांबला होतास. आई, मला. मी ऐकतेय.

तुझीच, रविवारपर्यंतचं सगळं आजच बोलून घेतलेली,
आई