विहीर किती खोल

१२ मार्च १९७३

नाही दिली नक्कल. चांगुणाबाई धावडा गावाकडच्या वस्तीवरून उन्हात चालत आलती. त्यांच्या बौद्धवस्तीची सरकारी विहीर ठेक्यात किती खोल ठरली, एवढंच तिला पाहिजे. ठेकेदार रामरावनं मुरूम लागताच काम सोडलं. पाणी वीतभर. वर तोंड करून सांगतो, कागदात एवढीच आहे. खोटारडा! मी इथला कारकून, कागद माझ्याच कपाटात आहे — चाळीस फूट. खणलीय जेमतेम वीस.

आमचे ओव्हरसियर साहेब म्हणाले, "ठेक्याचे कागद गोपनीय असतात. अर्ज करायला सांग."

विहीर गोपनीय! उद्या पाऊसबी गोपनीय करतील.

१४ मार्च

गावातल्या मास्तरांकडून अर्ज लिहून आणला तिनं. साहेबांनी न वाचताच परत केला. "हिचा ठेक्याशी संबंध काय?"

पाणी ती पिणार, अन् संबंध रामरावचा. डोकं भणाणलं. डबा तसाच घरी आणला.

१५ मार्च

परत आली. आज साहेबांनी नवीनच काढलं — "टेंडरची नोटीस चावडीवर लावलीच होती. तेव्हा का नाही पाहिली?"

ती म्हणाली, "चावडीवर आमाला कोन उभं करतंय, साहेब? अन् मला वाचता तरी कुठं येतं?"

साहेबांनी पेपरात तोंड घातलं. शनिवारी ते शेवटचं मोजमाप लिहिणार. लिहिणार म्हणजे टेबलावर बसूनच, विहिरीवर जातो कोण? एकदा 'काम पूर्ण' असा शेरा लागला की तिथं पुन्हा कुणी पहार मारणार नाही. बाया आहेतच मैलभर पाणी वाहायला. अन् मी नोकरीला भिऊन गप्प. थू.

१६ मार्च

राहवलं नाही. नक्कल द्यायची मनाई आहे, वाचायची थोडीच? चांगुणाबाई बाहेर उभी होती. खिडकीशी उभा राहिलो अन् विहिरीचं अंदाजपत्रक मोठ्यानं वाचलं. सगळं ऑफिस ऐकत राह्यलं. "खोली — चाळीस फूट." अन् शेवटचं मोजमाप उद्या आहे, हेही सांगितलं.

"बराबर," चांगुणाबाई म्हणाली. "मंग जाते मी."

साहेब लालबुंद. मेमो येणार. येऊ दे.

१७ मार्च

वस्तीवरचा कचरू सायकल हाणत आला. चांगुणाबाई अन् अजून पाच बाया सकाळीच विहिरीत उतरून बसल्यात. निरोप एवढाच — "साहेबांनी खाली येऊन मोजावं. तवर आम्ही वर येत न्हाई."

साहेबांनी मोजमापाचं पुस्तक मिटलं. मग मला म्हणाले, "धर्मराज, टेप घे."